कातळशिल्प आणि शैलचित्र: फरक कळला तर जपणूक जमेल

कोकणात राजापूरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, पाहुण्यांना कातळशिल्पं दाखवायला नेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रंग कुठे आहेत?" मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचे फोटो डोक्यात असतात. आपणही दोन्हींना सरसकट 'आदिमानवाची चित्रं' म्हणतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

भीमबेटकाला आहेत ती शैलचित्रं. गेरूचा तांबडा आणि पांढरा रंग, तोही दगडी आडोशाच्या भिंतींवर आणि छतांवर. डोक्यावर छप्पर होतं म्हणून तो टिकला. तिथे पाणी शिंपडणं किंवा हात लावणं म्हणजे रंगालाच धक्का.

आपल्याकडे आहेत ती कातळशिल्पं, त्यांत रंग नाहीच. जांभ्याचा उघडा, आडवा कातळ खोदून आकृती काढलेली. कशेळी गावात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेत. जवळ उभं राहून तो आख्खा नजरेत मावत नाही. भर दुपारी तर रेषा कातळात विरून जातात. सकाळी किंवा कलत्या उन्हात जा, खाचांत सावली भरते आणि प्राणी अंग धरतात. फोटोसाठी खडूने रेषा गिरवू नका, कळकळीने सांगतो.

पाऊस या शिल्पांवर दरवर्षी कोसळतो. पण ती कायमची जातात ती चिरेखाणीने, म्हणजे बांधकामाचे चिरे काढायच्या खाणीने, रस्त्याच्या कामाने, वरून गेलेल्या गाडीने. रंगीत चित्र वाचवायचं तर भिंत सांभाळावी लागते, इथे सडाच सांभाळावा लागतो. शिल्पाभोवती चार हात जागा सोडून बाजूला खाण काढली, तर उरतं ते खड्ड्याच्या काठावरचं एक चित्र.

२०२२ साली कोकणातली ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात बारसू, उक्षी, कुडोपी आहेत, गोव्यातलं फणसायमळही आहे. देवीहसोळचा कातळात कोरलेला चौकोनी पटही त्यात आहे. तो आर्यादुर्गेच्या देवळाजवळ आहे आणि यात्रेत देवींची भेट तिथेच होते. त्या जागेला गावकऱ्यांनी कधी परकं मानलं नाही. म्हणून मला वाटतं, पाहुण्याला शिल्प दाखवायचा पहिला मान गावातल्या माणसाचा. वाट त्यालाच ठाऊक असते, आणि गवताखाली कुठे पाय ठेवायचा नाही, हेही.