टाका कुठे, हा नंतरचा प्रश्न

गोव्यात फोंड्याला मावशीच्या ओसरीवर आम्ही श्रावणातल्या भजनाच्या चाली बसवत होतो. दोन अभंगांच्या मधे ती घोटभर पाणी प्यायली, तेव्हा तिच्या गळ्यात काहीतरी वर चढले आणि पुन्हा खाली उतरले. समोर बसलेल्या तिच्या मुलीने ते पाहिले. गिळताना हलणारी गाठ बहुधा थायरॉइडची असते. ही ग्रंथी श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला पडद्यांनी घट्ट बांधलेली असल्यामुळे घोट घेताना स्वरयंत्र वर उचलले की तीही सोबत जाते. डॉक्टर गळ्याला हात लावून 'गिळा' म्हणतात, ते यासाठीच.

शेजारणींना नवल वाटले. आम्ही समुद्राच्या मुलखात राहणारे, रोज मासे खाणारे, मग आम्हाला गाठ कशी? एक तर आयोडीनची कमतरता हे अशा गाठींचे अनेक कारणांपैकी फक्त एक कारण आहे. वय वाढते तशा गाठी वाढतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांत त्या कितीतरी जास्त आढळतात. दुसरे म्हणजे समुद्राच्या पाण्यात आयोडीन फारच थोडे असते. त्यामुळे आपल्या मिठागरातल्या जाड्या मिठातून ते नावापुरतेच मिळते. पुडीतल्या मिठात ते वरून घातलेले असते.

घरात मात्र त्या आठवड्यात दोनच प्रश्न होते. मुलीने फोनवर पाहिले होते, की आता ओठाच्या आतून थायरॉइड काढतात आणि बाहेर टाका दिसतच नाही. आईच्या गळ्यावर व्रण राहू नये, एवढेच तिला हवे होते. मावशी विचारत होती, 'गाणे राहील ना?' केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोव्यात भजन शिकवण्यात जिचे आयुष्य गेले, ती आणखी काय विचारणार? या दोन्हींच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या घरात कुणाच्या तोंडून निघाला नाही: गाठ काढायची गरज आहे का?

सोनोग्राफी लावून शोधले तर कितीतरी धडधाकट माणसांच्या थायरॉइडमध्ये बारीक गाठी सापडतात, आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी होऊ लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण पंधरा पटींनी वाढले; मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे ज्या गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो गळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. आज एक सेंटिमीटरहून लहान, सौम्य प्रकारच्या कर्करोगातही काही रुग्णांना शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने तपासत राहणे हा मान्य मार्ग आहे. म्हणून आधी रक्तातले टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक), मग सोनोग्राफी, आणि तिथे संशय आला तर बारीक सुईने पेशी काढून तपासणी. या सुई-तपासणीचा अहवाल 'बेथेस्डा' पद्धतीने सहा गटांत देतात. दुसरा गट म्हणजे गाठ साधी, सहावा म्हणजे कर्करोग. मधल्या गटांत निर्णय अवघड होतो.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. थायरॉइड म्हणजे वीसेक ग्रॅमची, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्या मागून, श्वासनलिकेच्या कडेने, दोन्ही बाजूंना एकेक मज्जातंतू स्वरयंत्राकडे जातो. त्याची वाट विलक्षण आहे. मेंदूकडून येणारी मोठी नस गळ्यातून सरळ खाली जाते, तिच्यातून हा फाटा छातीच्या तोंडाशी फुटतो आणि मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून पुन्हा वर येतो. डावीकडचा तर थेट हृदयातून निघालेल्या महाधमनीला वळसा घालून परततो. एखाद्या दोऱ्याएवढा हा तंतू ताणला गेला तरी स्वरतंतू हलेनासा होतो आणि आवाज घोगरा पडतो. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून आणखी एक, त्याहून नाजूक तंतू जातो. तो स्वरतंतूंना ताण देतो. तार सप्तकात जायचे, तर तो शाबूत हवा. शिवाय ग्रंथीच्या पाठीला तांदळाच्या दाण्यांसारख्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. त्या दुखावल्या तर रक्तातले कॅल्शियम उतरते आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात.

ही शस्त्रक्रिया एके काळी इतकी रक्तबंबाळ होती, की मोठमोठे शल्यविशारद तिला हात लावायला धजत नसत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे थिओडोर कोखर यांनी अत्यंत सावकाश, एकेक रक्तवाहिनी बांधत काम करायची पद्धत बसवली आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आणले. पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे सुजतात आणि मंद होतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी १८८३ मध्ये ते उघडपणे मांडले. १९०९ चे नोबेल त्यांना मिळाले. गळ्यावरच्या आडव्या छेदाला आजही त्यांचेच नाव आहे.

दुर्बिणीची गोष्ट १९९६ पासूनची. त्या वर्षी शल्यविशारद मिशेल गान्ये यांनी पॅराथायरॉइडची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली आणि पुढच्याच वर्षी थायरॉइडची झाली. त्यानंतर दोन वेगळ्या वाटा फुटल्या, आणि लोक नेमकी इथे गल्लत करतात. इटलीत पिसा इथल्या पाओलो मिक्कोली यांनी छेद गळ्यावरच ठेवला, पण दीड-दोन सेंटिमीटरचा, आणि त्यातून बारीक दुर्बीण घालून काम केले. हा खरोखरच कमी चिरफाडीचा मार्ग. पहिले एक-दोन दिवस वेदना कमी असतात आणि व्रण छोटा राहतो. नेहमीच्या शस्त्रक्रियेत छेद साधारण चार ते सहा सेंटिमीटरचा असतो.

दुसऱ्या वाटेने छेद गळ्यावरून हलवून काखेत, छातीवर किंवा तोंडात नेला. सोलमध्ये काखेतून यंत्रमानवाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होऊ लागल्या. बँकॉकच्या अंगकून अनुवोंग यांनी तोंडातल्या मार्गाचे साठ रुग्णांचे अनुभव २०१६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ती पद्धत जगभर पसरली. खालच्या ओठाच्या आत तीन छिद्रे घेतात, हनुवटीच्या हाडावरून कातडीखाली बोगदा करतात, कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून जागा तयार करतात आणि दुर्बीण गळ्यात उतरवतात. बाहेर काही दिसत नाही. पण ग्रंथीपर्यंत पोचायला कातडी जास्त सोडवावी लागते, वेळ जास्त जातो, खर्चही वाढतो. हनुवटी आणि ओठ काही दिवस बधिर राहू शकतात. म्हणजे टाका लपतो, आतली कापाकापी मात्र कमी होत नाही. या मार्गाला 'कमी चिरफाडीची शस्त्रक्रिया' म्हणणे मला पटत नाही.

तरीही या वाटेचा फायदा खरा आहे. ज्यांच्या अंगावर व्रण फुगून जाड होतात, अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांच्या गळ्यावरचा व्रण आयुष्यभर खुपतो. जत्रेतल्या नाटकात उभी राहणारी, लग्नाच्या वयाची मुलगी व्रण नको म्हणाली, तर तिला हसण्याचे कारण नाही. निवडक रुग्णांत, अनुभवी हातांत, आवाजाचे आणि कॅल्शियमचे धोके नेहमीच्या उघड्या शस्त्रक्रियेइतकेच राहतात, असे आजवरचे अनुभव सांगतात. भिस्त 'निवडक' आणि 'अनुभवी' या दोन शब्दांवर आहे.

निवड कशी करतात? छोट्या छेदाच्या पद्धतीसाठी गाठ तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या आत हवी आणि ग्रंथी सुजलेली नको. तोंडातल्या मार्गात याहून मोठी साधी गाठही चालते. गळ्यावर आधी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले असतील, ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरली असेल, कर्करोग बाहेर पसरला असेल किंवा एक स्वरतंतू आधीच हलत नसेल, तर उघडी शस्त्रक्रियाच बरी. गाठ साधी असल्याचे सुई-तपासणीत पक्के झाले असेल, तर सोनोग्राफीत बघत गाठीत सुई घालून ती उष्णतेने जाळण्याचाही उपाय आहे. वर्षभरात ती निम्म्याहून लहान होऊ शकते, आणि छेद मुळीच घ्यावा लागत नाही.

मावशीच्या सुई-तपासणीचा अहवाल चौथ्या गटात आला. या गटात कर्करोग आहे की नाही, हे पेशींवरून ठरत नाही. पेशींनी गाठीभोवतीचे वेष्टन फोडले आहे का, ते पाहावे लागते. म्हणजे गाठ अखंड बाहेर यायला हवी. तिची गाठ पाच सेंटिमीटरची, खालचे टोक छातीच्या हाडाशी टेकलेले. तोंडातून काढताना एवढी गाठ तुकडे करून काढावी लागली असती, आणि मग त्या वेष्टनाकडे बघून काही सांगताच आले नसते. मुलीला हे कारण पटले. शस्त्रक्रियेआधी घशात दुर्बीण घालून मावशीला 'ई' म्हणायला लावले, दोन्ही स्वरतंतू हलताना पाहिले. मग कातडीच्या नैसर्गिक वळीतून पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन उजवा अर्धा भाग काढला. मज्जातंतूंवर लक्ष ठेवणारे यंत्र लावलेले होते. अर्धीच ग्रंथी गेल्यामुळे कॅल्शियमची चिंता जवळजवळ नव्हती. गाठ साधी निघाली.

पहिल्या महिन्यात तिचा आवाज लवकर दमत होता. मज्जातंतू शाबूत असले तरी असे होते. पाच महिने झाले तरी तार षड्ज तिला धरून ठेवता येत नाही. बहुधा तो वरचा नाजूक तंतू थोडा दुखावला असावा, असे डॉक्टर म्हणाले, आणि आवाजाचे व्यायाम दिले. मावशीने पट्टी काळी चारवरून काळी तीनवर उतरवली आहे. गळ्यावरची रेघ मंगळसूत्राच्या वाटीच्या बरीच वर आहे, फिकट होत चालली आहे. त्या रेघेकडे आता मुलगीही पाहत नाही. दोघी सकाळी तंबोरा लावून अर्धा तास खर्जात बसतात.