बडोद्याच्या नारी अदालतीची पार्श्वभूमी

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या खेड्यातल्या बाईला दाद मागायला दारं दोनच होती: जातपंचायत नाहीतर पोलीस चौकी. पंचायतीत पुरुष बसायचे आणि बहुतेक वेळा निवाडा ठरलेला, "नांदायला जा." नवरा-सासरच्यांच्या छळाविरुद्धचं ४९८अ हे कलम १९८३ मध्ये आलं, पण ते वापरायचं तर वकिलाची फी, एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण सोसणार?

बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीरावांच्या सुधारणांचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. संस्थानाने बालविवाहाला बंदी १९०४ मध्ये घातली, हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये केला. देशभरातल्या हिंदू बायकांना तो हक्क मिळायला १९५५ उजाडलं. पुढची मजल मात्र राजवाड्याने मारली नाही. ती जिल्ह्यातल्या दलित, आदिवासी, मोलमजुरी करणाऱ्या बायकांनी मारली, नारी अदालत, म्हणजे घरातल्या छळाचा निवाडा करणारी बायकांचीच अदालत, उभी करून, आणि त्यांची आठवण आपण फारशी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून १९८९ मध्ये 'महिला समाख्या' हा खेड्यातल्या बायकांना संघटित करणारा सरकारी कार्यक्रम निघाला. गुजरातमध्ये बडोदे जिल्हा सुरुवातीपासून त्यात होता. गावोगाव बायकांचे संघ झाले. बैठका साक्षरतेच्या, पाण्याच्या, मजुरीच्या; पण बोलणं फिरून फिरून घरातल्या मारावरच यायचं. त्यातूनच १९९५ मध्ये नारी अदालत उभी राहिली.

ती भरायची तालुक्याच्या गावी, सरकारी कचेरीच्या आसपास, ठरलेल्या दिवशी, उघड्यावर. दोन्ही बाजूंना बोलावणं जायचं. येणारा-जाणारा थांबून ऐकायचा, आणि "आमच्या घरातली गोष्ट" म्हणणाऱ्या सासरच्यांना चारचौघांत उत्तर द्यावं लागायचं. समझोता झाला की तो स्टॅम्प पेपरवर लिहायचा. बाईला परत जायचं नसेल तर तिची भांडी, दागिने, कपडे सोडवून आणायचे. ती नांदायला गेली तर तिच्या गावी जाऊन चौकशी करायची. माझ्या मते खरी ताकद या पाळतीत होती. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे, हे नवऱ्याला कळायचं.

या निवाड्यांना कायद्याचं बळ नव्हतं. शिवाय समझोत्यात धोकाही असतो, कारण संसार टिकवायच्या नादात बाईचा जीव स्वस्त होऊ शकतो. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला जागा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तेव्हा संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घराचा हक्क मागता येऊ लागला.

केंद्राने महिला समाख्या २०१६ मध्ये गुंडाळली. आता केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या योजनेत नारी अदालत पुन्हा आली आहे, ग्रामपंचायतीच्या पातळीवर, ७ ते ११ न्यायसखींची, म्हणजे निवाड्याला बसणाऱ्या बायकांची. दार जवळ आलं, हे चांगलंच झालं. पण बडोदे जिल्ह्यातली अदालत तालुक्याला भरायची, त्यामुळे तिथे नवऱ्याची भावकी निवाडा द्यायला बसलेली नसायची. गावातल्या गावात निवडलेल्या न्यायसखींना तेवढी मोकळीक कशी मिळेल, हे योजना राबवणाऱ्यांनी आधी पाहायला हवं.