एडीएचडी असलेल्या किशोरांसाठी शालेय बोधनिक वर्तनोपचार

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांना अभ्यासाची आखणी, वेळेचे भान आणि भावनांवरील ताबा यांसाठी दिला जाणारा मानसोपचार. विचार, भावना आणि वर्तन यांचा एकमेकांवर सतत परिणाम होतो, या ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या उपचारासाठी मांडलेल्या विचारावर तो आधारलेला आहे. बोलीत ‘सीबीटी’ (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) हेच नाव रूढ आहे.

किशोरवयात वर्गात उठबस करण्याचे प्रमाण बऱ्याचदा कमी होते, म्हणून विकार सरला असा समज होतो. प्रत्यक्षात अवधानाची अडचण टिकून असते, आणि नेमक्या याच वयात शाळेच्या अपेक्षा वाढतात: प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, आठवडे चालणारे प्रकल्प, पालकांची कमी झालेली देखरेख.

या मुलांवर बोधनिक उपचार करण्याचे सुरुवातीचे प्रयत्न फारसे फळले नाहीत. डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये उतावीळ मुलांना स्वतःशी बोलत काम करायला शिकवण्याची पद्धत मांडली होती. एडीएचडीत मात्र उपचारकाच्या खोलीत शिकलेले वर्गात उतरेना. एडीएचडीचे अभ्यासक रसेल बार्कली यांनी याचे कारण नेमके सांगितले: काय करायचे हे या मुलांना ठाऊक असते, ते वेळेवर हातून घडत नाही. पुढच्या उपक्रमांचे यश मोजताना हीच कसोटी लावावी लागते. कौशल्य दप्तर भरताना, गृहपाठ लिहून घेताना वापरले गेले, तरच उपयोग.

मानसशास्त्रज्ञ जोशुआ लँगबर्ग यांचा ‘हॉप्स’ हा गृहपाठ, नीटनेटकेपणा आणि आखणीची कौशल्ये शिकवणारा उपक्रम याच दिशेचा आहे. शाळेतील समुपदेशक विद्यार्थ्याला सुमारे २० मिनिटांच्या १६ भेटी देतात. भेटीत वही, दप्तर आणि रोजनिशी प्रत्यक्ष उघडून यादीशी ताडली जाते. जमलेल्या गोष्टींना गुण मिळतात आणि गुणांच्या बदल्यात बक्षीस. हे किरकोळ वाटेल, पण दूरच्या निकालासाठी आज कष्ट घेणे ज्याला अवघड जाते, त्याला लगेच मिळणारा मोबदला लागतोच.

मोठ्या मुलांसाठीच्या पद्धती स्टीव्हन सॅफ्रन यांनी प्रौढांसाठी विकसित केलेल्या उपचारातून आल्या. त्यातले एक तंत्र असे: विद्यार्थी किती वेळ सलग लक्ष देऊ शकतो हे आधी मोजायचे आणि कामाचे तेवढेच तुकडे पाडायचे. मध्येच ‘मित्राला निरोप पाठवायचा राहिला’ असे आठवले, तर ते शेजारच्या कागदावर टिपायचे आणि तुकडा संपेपर्यंत उठायचे नाही. संपल्यावर यादी पाहिली की त्यातले बरेच काही तातडीचे नव्हते हे मुलालाच दिसते.

विचारांवरचे कामही इथे वेगळे पडते. ‘मी ढच आहे’ हा वर्षानुवर्षांच्या बोलण्यांतून रुजलेला विचार तपासावा लागतोच. पण ‘अजून चार दिवस आहेत’, ‘ऐन वेळीच मला सुचते’ हे फाजील आशावादी विचारही तितकेच घातक, कारण चालढकल त्यांच्याच आधाराने चालते. उपचारक इथे उपदेश करत नाही. धड्याला किती वेळ लागेल याचा अंदाज तो मुलाकडून आधी लिहून घेतो आणि मग घड्याळ लावायला सांगतो. वीस मिनिटांच्या अंदाजापुढे पन्नास मिनिटांचा आकडा आला की चर्चेला ठोस आधार मिळतो.

सुझन स्प्रिच, सॅफ्रन व सहकाऱ्यांनी औषधे चालू असलेल्या ४६ किशोरांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने लक्षणे कमी झाल्याचे आढळले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका औषधाने फायदा होऊनही दैनंदिन अडचण उरलेल्या किशोरांसाठी याचा विचार करावा असे सांगते. म्हणजे हा बहुधा औषधाच्या जोडीचा उपचार आहे, त्याला पर्याय नव्हे.

शिक्षकांचा वाटा इथे मोठा आहे. गृहपाठ फळ्यावर लिहिणे, रोजनिशीवर सही करणे, मोठ्या प्रकल्पाला टप्प्यांच्या तारखा देणे एवढ्याने बरेच साधते. हा आधार हळूहळू काढायचा असतो; पहिल्या चांगल्या गुणपत्रिकेनंतर तो एकदम थांबवला, तर जुन्या सवयी परत येतात.