सूटी शिअरवॉटर

सूटी शिअरवॉटर हा प्रोसेलॅरिडी कुलातील, काजळी-तपकिरी रंगाचा स्थलांतरित सागरी पक्षी असून त्याचे शास्त्रीय नाव आर्डेना ग्रिसिया असे आहे. त्याची लांबी ४० ते ५० सेंमी. आणि पंखविस्तार सुमारे १ मी. असतो. चोचीवरील नलिकाकार नाकपुड्या हे तो ज्या गणात मोडतो त्यातील सर्वच पक्ष्यांचे वैशिष्ट्य होय. समुद्राच्या पाण्यातून शरीरात गेलेले जादा मीठ डोळ्यांवरील ग्रंथींमधून नाकावाटे बाहेर टाकले जाते.

दुरून हा पक्षी नुसता काळा दिसतो. लाटांच्या कडेने कलंडत जाताना पंखांची खालची बाजू वर आली, की तिच्यावरील रुपेरी पट्टा क्षणभर चमकतो आणि ओळख पटू लागते. मात्र ही चमक सर्वस्वी उजेडावर अवलंबून असते. ढगाळ हवेत ती मळकट करडी भासते, म्हणून केवळ तिच्या भरवशावर नाव ठरवणे धोक्याचे आहे. खरी अडचण येते ती आर्डेना टेन्युइरोस्ट्रिस या आखूड शेपटीच्या जातभाईमुळे. त्याची चोच आखूड, कपाळ उभे व डोके गोलसर असते, पंखाखालचा रंग बहुधा एकसारखा करडा असतो आणि उडताना पायांची बोटे शेपटीमागे किंचित डोकावतात. सूटीची चोच लांब व कपाळ उतरते असते आणि पंखाखालचा पांढुरकेपणा टोकाकडच्या भागात सर्वाधिक उठून दिसतो. ही सगळी लक्षणे एकत्र जुळवूनही काही पक्षी अनिर्णितच नोंदवावे लागतात, आणि तशी नोंद चुकीच्या नावापेक्षा केव्हाही अधिक उपयोगी असते.

न्यूझीलंड, आग्नेय ऑस्ट्रेलिया, दक्षिण चिली व फॉकलंड बेटांच्या परिसरात हे पक्षी बिळांत वीण करतात. मादी एकच अंडे घालते आणि शिकारी पक्ष्यांपासून बचाव व्हावा म्हणून पालक बहुधा अंधार पडल्यावरच बिळाकडे परततात. वीण आटोपल्यावर ते उत्तर गोलार्धातील उन्हाळा गाठतात. न्यूझीलंडमधील पक्ष्यांना मागोवा घेणारी उपकरणे लावून केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा प्रशांत महासागरावरील प्रवास सुमारे ६४,००० किमी. भरला, तर पाण्यातील बुडी ६८ मी. पर्यंत गेल्याचे आढळले. वाऱ्याच्या वेगातील फरकाचा लाभ घेत, पंख फारसे न हलवता तरंगण्याच्या कौशल्यामुळेच एवढा पल्ला त्यांना झेपतो.

या पक्ष्याला न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत टीटी म्हणतात. राकिउरा (स्ट्युअर्ट बेट) येथील माओरी समाज ठरावीक हंगामात त्याची पिल्ले पकडतो आणि हा त्यांचा परंपरागत हक्क आहे. जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू आणि बेटांवर माणसाबरोबर आलेले उंदीर यांचा उपद्रव या पक्ष्याला होतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत त्याची गणना संकटसमीप जातींत होते.