पार्श्वभूमी : कोल्हापूरचा साधा दिवस फोटोत कसा आला

जुन्या कोल्हापूरचे फोटो शोधायला बसलं की हाती काय लागणार हे ठरलेलं असतं. नवा राजवाडा, दसऱ्याची स्वारी, खासबागेतलं भरगच्च मैदान, कुणाचा तरी सत्कार, लग्नातला ग्रुप फोटो. एखाद्या मंगळवारी दुपारी लक्ष्मीपुरीत पोती कशी रचलेली असायची, बिंदू चौकात सायकली कुठं लावायचे, महाद्वार रोडवरच्या पाट्या कोणत्या वळणाच्या अक्षरांत रंगवलेल्या असायच्या, हे दाखवणारा फोटो फार क्वचित मिळतो. ज्या गावात सिनेमाचा कॅमेराच बनवला गेला त्या गावाची ही गत. हौस कमी पडली म्हणून असं झालं नाही. एका फोटोला किती वेळ, किती खटपट आणि किती पैसे लागतात, या हिशोबानं हे ठरत गेलं. तो हिशोब बदलला तसा साधा दिवस हळूहळू फोटोत शिरला. तो कसा, आणि आज आपल्या गावाचा रोजचा फोटो काढायचा तर काय सांभाळायचं, ते इथं पाहू.

सुरुवातीला वेळच आडवा आला. १८३८ साली फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरनं पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचं चित्र प्लेटवर उतरवलं. प्रकाश काही मिनिटं आत घ्यावा लागत असल्यानं चालती माणसं, घोडे, गाड्या सगळं पुसलं गेलं. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. १८५१ साली कोलोडियन नावाच्या चिकट द्रावणाचा ओला थर दिलेली काच आली आणि मिनिटांचे सेकंद झाले, पण काच ओली असतानाच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, फोटो काढून धुवावी लागे. डार्करूमचा तंबू बरोबर घेऊनच हिंडायचं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसं या कलेत उतरली. तरी विषय ठरलेलेच राहिले : इमारती, लेणी, आणि हलू नका असं बजावून बसवलेली माणसं. १८७१ नंतर कोरडी काच आली, तेव्हा कुठं चालत्या माणसाचा पाय काचेवर जसाच्या तसा उतरू लागला.

स्टुडिओनं यात आणखी एक अडसर घातला, तो म्हणजे मागचा पडदा. खांब, कमान, झाडं, लांबवर तळं असं काहीतरी रंगवलेलं कापड माणसाच्या पाठीशी येई आणि त्याची गल्ली, त्याचं दार, त्याचं दुकान झाकून टाकी. पडदे रंगवणं हा कोल्हापूरच्या कलाकारांचा हातखंडा होता. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या मावसभावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवूनच नाव कमावलं. गावचा खरा उजेड त्या काळात कॅमेऱ्यापेक्षा कुंचल्यानं जास्त टिपला. १९३१ साली वारलेले आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ पुन:पुन्हा रंगवत राहिले. जागा तीच, पहाट वेगळी, आभाळ वेगळं. रोजच्या नोंदीची शिस्त कोल्हापूरनं सर्वांत आधी इथं पाहिली असं म्हणायला हरकत नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. फोटो काढायला निघण्याआधी एकदा जरूर पाहावीत.

मग सिनेमा आला. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबुरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ याच कामगिरीची खूण. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याचं घर आणि त्याची वाताहत पडद्यावर दिसली, म्हणजे साध्या माणसाकडं नजर वळली होती. तरी फिल्म कथेसाठी होती. फूट-फूट मोजून वापरायची. १९२९ साली इथं सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली. कॅमेरा, रसायनं, लेन्स यांचं ज्ञान गावात रुजलेलं होतं, पण गल्लीतल्या रोजच्या सकाळीवर फिल्म खर्च करणं कुणाला परवडणारं नव्हतं.

परदेशात ज्यांनी ते केलं त्यांनी एकतर त्यावरच पोट भरलं किंवा स्वतःची तिजोरी रिकामी केली. पॅरिसमध्ये युजीन आत्जे १८९७ च्या आसपासपासून १९२७ साली मरेपर्यंत १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा वाहत दुकानांच्या दर्शनी बाजू, अंगणं, जिने टिपत राहिला आणि चित्रकारांना, संग्रहालयांना ते फोटो विकत राहिला. बँकर आल्बेर कान यानं १९०९ ते १९३१ मध्ये माणसं जगभर पाठवून सुमारे ७२,००० रंगीत काचा जमवल्या. १९२९ च्या मंदीत त्याचा पैसा बुडाला आणि काम थांबलं.

घरोघरचा कॅमेरा म्हणजे रोलचा कॅमेरा. १८८८ चा कोडॅक, १९०० चा एक डॉलरचा ब्राउनी, १९२५ चा लायका ही त्याची वंशावळ. आपल्याकडं तो आग्फा क्लिक-थ्रीच्या रूपानं घरात आला. १२० नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. पुढं उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोलही मिळू लागला. आता हिशोब करून बघा. रोज एक फोटो काढायचा तर वर्षाला बाराचे एकतीस रोल लागतात, छत्तीसचे घेतले तरी अकरा. वर धुलाई आणि कॉप्यांचा खर्च. म्हणून गणपतीत भरलेला रोल दिवाळीला संपायचा, आणि शेवटचे दोन फोटो ‘रोल वाया जाऊ नये’ म्हणून दारात उभं राहून काढले जायचे.

त्या शेवटच्या दोन फोटोंकडं नीट पाहिलं पाहिजे. त्यांतच पडद्याआड राहिलेलं शहर सापडतं. मुलाच्या डोक्यामागं शेजारच्या वाड्याची खापरी, तारेवर वाळत घातलेलं लुगडं, नळाजवळ रांगेत ठेवलेल्या घागरी, भिंतीवर निवडणुकीची चुन्यानं लिहिलेली घोषणा. फोटो काढणाऱ्याचं तिकडं लक्षही नव्हतं. घरात असे अल्बम असतील तर आधी ते सांभाळा. १९७०-८० च्या रंगीत कॉप्या कपाटाच्या अंधारातही तांबूस होत जातात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. निगेटिव्ह असेल तर तिच्यावरूनच स्कॅन करावं. आपल्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशीची जाळी धरते. ती कापडानं पुसली की चित्राचा थरच खरवडला जातो, आणि पाणी तर लावूच नये.

रोज एक फोटो हा नेम म्हणून जगाला कळला तो मुख्यतः जेमी लिव्हिंग्स्टनमुळं. न्यूयॉर्कच्या या माणसानं ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूच्या दिवसापर्यंत, पोलरॉइडच्या एसएक्स-७० वर दिवसाला एक फोटो काढला. दुसरा काढायचा नाही, बिघडला तर बिघडलेलाच ठेवायचा. त्या कॅमेऱ्याच्या पाकिटात दहा फोटो येत, म्हणजे वर्षाला सदतीस पाकिटं. पुढं २००५ साली पॅरिसमध्ये एरिक तेनँनं रोज शहराचा एक फोटो जगापुढं ठेवायला सुरुवात केली आणि ती रीत गावोगाव पसरली. तोवर डिजिटल कॅमेऱ्यानं फोटोचा खर्च जवळपास शून्यावर आणला होता. फोनमुळं तो प्रत्येकाच्या खिशात गेला.

पैशाची अडचण संपली, पण हजारो फोटोंमध्ये कोणता कुठला, कधीचा हे कळेनासं झालं. म्हणून रोजच्या फोटोचं खरं काम बटण दाबण्याच्या आधी आणि नंतर असतं.

जागा कमी ठेवाव्यात. चार-पाच ठरलेल्या आणि एक त्या दिवशी सुचेल ती. गंगावेस, महाद्वार रोड, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी, रंकाळा टॉवर असा फेरा एका आठवड्यात सहज होतो. ठरलेल्या जागी अगदी त्याच ठिकाणी उभं राहायला एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेत १९७७ ते १९७९ मध्ये शंभर वर्षांपूर्वीचे फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढले, तेव्हा हीच पद्धत वापरली. जवळची एक उभी कड आणि लांबची एक उभी कड निवडायची, उदाहरणार्थ विजेचा खांब आणि मागच्या इमारतीचा कोपरा, आणि दोन्ही एका रेषेत येईतो सरकायचं. पावलाभर चुकलं तरी रेषा फुटते, लगेच कळतं. फोन डोळ्याच्या उंचीवर, आडवा, मुख्य लेन्सवर. झूम करू नये. आज दोन पट, उद्या तीन पट झालं की फोटो एकमेकांवर बसत नाहीत. आणि ज्याचा फोटो काढतोय त्याला विचारावं. रोज दिसणारा माणूस नको म्हणाला तर तो नकार रोजचाच धरावा.

दूधकट्ट्यावरचा फोटो सर्वांत जास्त बिघडतो. गंगावेशीत म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. पहाटेचा उजेड मंद, समोर काळीभोर म्हैस, आणि मधोमध ग्लासात चढत जाणारा पांढराशुभ्र फेस. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या छटेवर आणू पाहतो. काळं अंग जास्त दिसलं की तो उजेड वाढवतो; म्हैस राखाडी होते आणि फेसाचा नुसता पांढरा डाग. फोनवर फेसाला बोट लावून एक्स्पोजर एका पायरीनं खाली आणा. मग फेसातले बुडबुडे, ग्लासाच्या काठावरून ओघळलेला थेंब, धार काढणाऱ्याच्या बोटांची पेरं वेगवेगळी दिसतात. शटर एकसाठांशापेक्षा मंद झालं की धारेचा धूर होतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, १६०० पर्यंत वाढवावा, थोडे दाणे आले तरी चालतील. फ्लॅश अजिबात नको, जनावर बुजतं.

उजेडाच्या बाबतीत कोल्हापूरला किरणोत्सवासारखा गुरू नाही. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणं ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांच्या आसपास देवीपर्यंत पोचतात. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो, आणि ३१ जानेवारी ४१ दिवस नंतर. सूर्य दोन्ही वेळा जवळपास त्याच जागी मावळतो. महाद्वाराच्या दिशेनं वाढलेल्या बांधकामांनी किरणांची वाट अडते का, याची चर्चा याच दिवसांत होते. बाहेरच्या रस्त्याचा सावल्यांसह फोटो वर्षानुवर्षं जोडीनं काढला तर उत्तर त्यातच मिळेल. मात्र घड्याळावर जाऊ नये. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जानेवारीअखेरीला साधारण अर्ध्या तासानं उशिरा, त्यामुळं सूर्यास्ताआधी इतकी मिनिटं असंच ठरवावं लागतं. सकाळचंही तेच. जानेवारीत सूर्य सातच्या पुढं उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास. कायम साडेसहाला फोटो काढला तर निम्मं वर्ष अंधार आणि निम्मं वर्ष ऊन.

पावसाळ्यात पंचगंगा नदी ही स्वतंत्र नोंद. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी हे आकडे लहान पोरांनाही पाठ करून दिले. पाण्याच्या नुसत्या फोटोवरून काही कळत नाही. चौकटीत न हलणारं काहीतरी हवं. घाटाच्या पायऱ्या, नदीपात्रातली देवळं, दुकानाचं शटर. त्याबरोबर त्या वेळचा जाहीर झालेला फुटांचा आकडा लिहून ठेवला की गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं हे पुढच्या वर्षी आधीच कळतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते, तिचाही फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी धरून. ती रेघ एका रंगसफेदीत नाहीशी होते. रस्ता किंवा पूल बंद केला असेल तिथं जाऊ नये.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ सालचं हे पॅलेस थिएटर. अशा वास्तूंचे रंगमंचावरचे फोटो उदंड असतात. जिन्याचा कठडा, तिकीट खिडकीची चौकट, छताखालच्या लाकडाचा सांधा यांचे फोटो कुणाला सुचत नाहीत, आणि पुन्हा बांधायची वेळ आली की सुतार नेमकं तेच मागतो. ठरलेल्या जागांपैकी एक तरी अशी असावी, जिथं रोज जाणं होतं आणि जिचा फोटो काढण्यात काहीच विशेष वाटत नाही.

नोंदीचं म्हणाल तर फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी जागा. उलट क्रमानं लिहिलं की संगणक सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र लावतो. फोन दुरुस्तीहून आला की तारीख तपासावी. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि वेळ-ठिकाणाची आतली माहिती गळून पडते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. दिवस चुकला तर रकाना रिकामा सोडावा. कालचा फोटो आजचा म्हणून घातला की साऱ्या संग्रहावरचा भरवसा जातो. रोज पाच फोटो, प्रत्येकी चार एमबी धरले तर वर्षाला सात-साडेसात जीबी होतात. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावेत आणि एक डिस्क पूररेषेबाहेरच्या नातलगाकडं. आठवड्याला एक, वर्षाला बावन्न, चार बाय सहाच्या कॉप्या काढाव्यात. कॉपीच्या मागं बॉलपेन दाबून लिहू नये, पुढं वळ उमटतो. कडेला मऊ शिसपेन्सिलनं हलक्या हातानं एवढं पुरे : गंगावेस, दूधकट्टा, सकाळी ६:४०, आषाढ, झिमझिम, डावीकडची चहाची टपरी आज बंद.