'महाराष्ट्र धर्म' हा शब्द पुण्यात कसा गाजला, त्याची पार्श्वभूमी

मराठी अस्मितेवर बोलताना आपण एकदम शिवकाळात जातो, पण आज आपण जिला अस्मिता म्हणतो तिची मांडणी बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात झालीये, आणि तीही इंग्रजांशी वाद घालता घालता.

सुरुवात पुण्यातल्या विश्रामबागवाड्यापासून करू. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. १८१८ ला पेशवाई गेली, पण शास्त्री मंडळी एकदम दुखावली जाऊ नयेत हे कंपनी सरकारला कळत होतं, म्हणून त्या दक्षिणेच्या पैशातूनच १८२१ साली या वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. न्याय, वेदांत, व्याकरण शिकवायचं, पण पैसा आणि देखरेख सरकारची. याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं, आणि तिथली पोरं मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचायला लागली. समाजसुधारक आगरकर याच कॉलेजचे. सरकारला चांगले कारकून हवे होते, पण तर्कशास्त्र एकदा शिकवलं की ते कोणावर वापरायचं हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही ना!

दुसरा धागा ग्रँट डफचा. हा साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, त्याला दफ्तरं, म्हणजे जुने कागदपत्र बघायला मिळाले आणि १८२६ मध्ये त्याने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. कष्ट खूप घेतलेत, ते मान्यच करायला हवं. पण मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली, म्हणजे वाळलं गवत होतं, ठिणगी पडली, पेटलं. यात माणसांचा विचार, तयारी, समाज काहीच नाही, आणि ज्यांचं राज्य नुकतंच घेतलंय त्यांच्याबद्दल असं लिहिणं राज्यकर्त्यांच्या सोयीचंच होतं. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६० च्या दशकातच डफच्या चुका मराठीत दाखवून दिल्या होत्या, त्यांचं नाव आज फार कमी घेतलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली सविस्तर उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, वणवा नव्हता, जमीन आधी तयार झाली होती, संतांनी जातीपातींतून लोकांना एका भाषेत, एका भक्तीत जोडलं आणि मग राज्य उभं राहिलं. रामदासांचा 'महाराष्ट्र धर्म' हा शब्द त्यांनी इथे वापरला. पण संतांची चळवळ समजावताना ते युरोपातल्या प्रोटेस्टंट सुधारणेशी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या चळवळीशी तुलना करतात, म्हणजे आपलं वेगळेपण सांगायला मोजपट्टी युरोपचीच. मला वाटतं ही त्या सगळ्या पिढीचीच अडचण होती. इतिहासकार वि. का. राजवाडे यांना रानड्यांनी लावलेला 'महाराष्ट्र धर्मा'चा हा अर्थ पटला नाही. ते म्हणायचे संतांचा धर्म सहिष्णू, रामदासांचा जयिष्णू, म्हणजे जिंकू पाहणारा, दोन्ही एक नाहीत. नुसता वाद घालून ते थांबले नाहीत, गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करत फिरले, आणि १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं.

पण या दोघांच्याही आधी जोतिबा फुल्यांनी वेगळाच प्रश्न टाकला होता. मिशनच्या शाळेत शिकलेले, माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचलेला. १८६९ च्या पोवाड्यात त्यांनी शिवाजी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं, म्हणजे राजा शेतकऱ्यांचा. त्यांच्या लेखी गुलामी इंग्रज आल्यावर सुरू झाली नव्हती, ती त्याच्या किती तरी आधीपासून होती, आणि म्हणून पेशवाई गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं. १८७३ ला सत्यशोधक समाज निघाला तोही याच शहरात.

भाषेचं बघा. रानड्यांनी इंग्रजीत लिहिलं, कारण उत्तर इंग्रजी पुस्तकाला द्यायचं होतं. राजवाड्यांनी मराठी धरून ठेवली. आणि फुल्यांनी पोवाडा निवडला, जो वाचता न येणाऱ्यालाही चावडीवर बसून ऐकता येतो.