रेगे गिटार आणि ‘वरचा फटका’: एक खुलासा

रेगे या संगीतशैलीतली गिटार नेहमी खालून वर, म्हणजे ‘वरचा फटका’ मारूनच वाजवायची, असे नवशिक्यांना वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. जमैकात १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्का आणि रॉकस्टेडी या तिथल्याच आधीच्या संगीतशैलींतून रेगे घडले, आणि स्कामधला चपळ वरचा फटका बहुधा तिथूनच या समजुतीत शिरला असावा. रेगेत मात्र अनेक वादक वरून खालीच फटका मारतात, कारण त्यात जाड तार आधी बोलते आणि आवाज भरीव येतो.

खरी मेख डाव्या हातात आहे. पाचव्या पट्टीवर (फ्रेटवर) ए मायनरचा बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवे दाबून वाजवायचा कॉर्ड, धरा, फक्त तीन-चार बारीक तारा छेडा आणि लगेच बोटांचा दाब सैल करा, पण बोटे तारांवरून उचलू नका. उचललीत तर मोकळ्या तारा घुमतात आणि सगळाच विचका होतो. बोटे तारांवर टेकलेली राहिली, तर उरतो तो कोरडा, तुटक ‘चक्’.

हा ‘चक्’ चारच्या मोजणीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. ‘वन ड्रॉप’ या रेगेच्या ठरलेल्या ठेक्यात ड्रमचा जोर तिसरीवर असतो, पहिली मात्रा तर जवळजवळ रिकामीच. आणि ती रिकामी ठेवणे हेच, माझ्या मते, फटक्याच्या दिशेपेक्षा कितीतरी अवघड आहे.